वेल लावलेलं टांगण

त्या माळावर पाणी एका जागी राहत नसे. यंदा ज्या खळग्यात डबकं भरलेलं असे, तिथं पुढच्या वर्षी भेगाळलेला चिखल दिसे, आणि पाणी भलतीकडंच कुठल्या तरी खडकाच्या पोटाशी जाऊन बसलेलं असे. माळावर कायम राहणारे त्याला शोधून काढत. त्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. पण माळ अफाट होता, आणि तो ओलांडून जाणारे थवे इतके थकलेले असत की शोधाशोध करण्याचं त्राण त्यांच्यात उरत नसे. ते माळाच्या मध्यावर उभ्या असलेल्या एकुलत्या एका झाडाकडं बघत.

त्या झाडाला टांगणं लोंबत असत. ज्याला वाटसरूंना काही सांगायचं असे, तो गवताचा एक पोकळ गोळा विणून फांदीला बांधी आणि त्यातून काड्या बाहेर काढून ठेवी. काडी ज्या दिशेला, त्या दिशेला जायचं. लांब काडी म्हणजे लांबचा पल्ला. काडीच्या टोकाला गाठ असली म्हणजे तिथं ते नक्की आहे, खुशाल जा. कुणी सावलीची जागा सांगे, कुणी गोड कंदांची, कुणी कोल्हे कुठं फिरकत नाहीत ते. काहींनी सांगण्यासारखं काही नसतानाही टांगणं लावली होती, कारण शेजाऱ्यानं लावलं होतं.

झाड कुणाला नाही म्हणत नसे. त्याची एकच अट होती. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा त्याची साल सुटे, आणि सालीबरोबर सगळ्या गाठी सुटत. मग ज्याचं टांगण त्यानं यावं, मुळाशी घोटभर पाणी ओतावं आणि नव्या सालीवर आपल्या हातानं गाठ मारावी. जो येत नसे त्याचं टांगण लगेच पडत नसे. एखाद्या तंतूवर तगून राही. नवी साल आधी फिकट हिरवी असते, मग हळूहळू मातकट होते. ती मातकट होईपर्यंत झाड वाट बघे. नंतर टांगण खाली पडे आणि ती जागा ज्याला हवी त्याची होई. या अटीवरून माळावर पुष्कळ कुरकुर चाले. झाडाचं म्हणणं काय आहे, ते मात्र कुणी कधी विचारलं नाही.

अशा दिवसांत वेल आली. झाडाच्या बुंध्याला धरून ती कधी वर चढली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ध्यानात आलं तेव्हा ती सगळ्यांशी गोड बोलत होती. तिचं सांगणं सोपं होतं. तुम्ही दर वर्षी कशाला हेलपाटे घालता? मला तुमचं डबकं दाखवा. मी माझं एक मूळ त्यात सोडून ठेवीन. साल सुटली की मी आपणहून तुमच्या डबक्यातलं घोटभर पाणी ओढीन, झाडाच्या मुळाशी सोडीन आणि माझ्या कुरळ्या तणाव्यानं तुमची गाठ मारीन. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

तुम्हाला कळणारसुद्धा नाही, हे शब्द माळाला फार आवडले. बघता बघता जवळजवळ प्रत्येक टांगणाला वेल लागली. वेल लावली की सुटलो, असं जो तो म्हणू लागला. मुंगसांनी तर सासरी वर्षातून एकदा जाऊन यायचं असतं त्यासाठीही काही सोय होईल का, अशी चौकशी केली म्हणतात. आणि खरं सांगायचं तर वेलीनं कुणाला फसवलं नाही. ती दर वर्षी न चुकता पाणी ओढी आणि न चुकता गाठ मारी. सालझडीच्या दिवसांत झाडाखाली पूर्वी जी गर्दी होई, ती मात्र होईनाशी झाली, आणि वर काय लोंबतंय ते मान वर करून पाहण्याची सवय हळूहळू गेली.

माळाच्या उगवतीला आवडाई नावाची टिटवी राहत होती. टिटवी झाडावर बसत नाही. फांदी धरायची तर पायाला मागचं बोट लागतं, आणि टिटवीचं ते बोट जेमतेम नावापुरतं असतं. त्यामुळं टिटव्यांच्या पिढ्यान् पिढ्या जमिनीवरच गेल्या, आणि झाडाविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते खालून पाहिलेलं होतं. तरीही आवडाईच्या नवऱ्याचं, तानबाचं, झाडावर एक टांगण होतं, आणि ते माळावरच्या सगळ्यांत सुबक टांगणांपैकी एक होतं.

टिटव्यांच्या जातीत विणकाम नाही. तानबानं एका सुगरणीचा पिच्छा पुरवून ते शिकून घेतलं होतं. जातभाई हसले, आवडाईही हसली, पण तो गवत घेऊन बसत राहिला. टांगण तयार झाल्यावर त्यानं ते त्याच सुगरणीकडून वर बांधून घेतलं. माळावर कुठं कुठं पाणी आहे ते त्यानं त्यात सांगितलं होतं, आणि लांबून येणारे थवे ते बघून बिनचूक पाण्यावर उतरत. दर वर्षी गाठ मारायला सुगरणीचे पाय कुठं धरायचे, म्हणून वेल आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तानबानं ती लावली. वेलीचं मूळ त्यानं घराशेजारच्या डबक्यात सोडलं आणि आवडाईला म्हणाला, आता आपण नसलो तरी हे राहील.

पुढं तो खरंच नाही राहिला. त्याच्यामागून लेक केसरही गेली, म्हणजे लांबच्या मुलखातून हिवाळ्यात येणाऱ्या टिटव्यांच्या थव्यात एक जण तिला आवडला आणि परतताना ती त्यांच्याबरोबर उडाली. जाताना आईला म्हणाली, वाट विसरले तर बाबांचं टांगण बघेन. आवडाई त्या शब्दांवर किती हिवाळे बसून होती ते तिलाच माहीत. दरम्यान डबकं आटलं. टिटवीला घर हलवण्याचं काही वाटत नाही. जमिनीत थोडं खरवडलं, चार खडे लावले की झालं. आवडाई पाण्यामागं एकदा हलली, परत हलली, आणखी एकदा हलली. आपण घर हलवलं हे तिनं शेजारणींना सांगितलं, सापाच्या भीतीनं मुंगसालाही सांगितलं. वेलीला सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही, कारण वेल लावली की सुटलो, हे तिनंही ऐकलं होतं.

त्या वर्षी पाऊस संपता संपता चिखल्या नावाच्या एका भटक्या पाखरानं निरोप आणला. केसर थव्याबरोबर निघाली आहे, बरोबर पिल्लं आहेत, त्यांचं हे पहिलंच लांबचं उड्डाण आहे. आवडाईनं तो निरोप त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. शेवटी चिखल्या कंटाळून निघून गेला.

साल सुटली त्याच्या थोड्याच दिवसांनी साळूबाई आली. ही साळिंदराची विधवा, शेजारच्या बिळात राहणारी, अंगावर काटे आणि जिभेवरही. ती तावातावानं सांगू लागली की तिचा नवरा जाऊन इतके दिवस झाले, पण त्याच्या टांगणाला लावलेली वेल अजून तिच्या डबक्यातलं पाणी ओढतेय. यंदा डबक्यात आधीच तळ दिसतोय. टांगण कुणाला हवंय? जिवंत होता तेव्हाही त्याच्या बढाया ऐकून कान किटले होते, आता मेल्यावरही त्याच्या बढायांना पाणी पाजायचं का? तिनं वेलीला थांब म्हणून डबक्याच्या काठावरून ओरडून सांगितलं होतं, मूळ कुरतडूनही पाहिलं होतं, पण ते दुसऱ्या बाजूनं परत फुटलं. आता झाडापाशी जाऊनच तोंडावर विचारायचं, आणि एकटीनं जायचा कंटाळा येतो म्हणून आवडाईनं सोबत यावं.

दोघी झाडाखाली गेल्या. कितीतरी वर्षांत तिथं कुणी आलेलं नव्हतं. सुटलेल्या सालीचे ढीग पडले होते. वेलीनं त्यांचं मनापासून स्वागत केलं. साळूबाईचं सगळं गाऱ्हाणं तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की तिची अडचण समजली, वाईट वाटलं, पण वेल ज्यांनी लावली त्यांनीच सोडायची असते.

“ते वारले,” साळूबाई म्हणाली.

“हो, ते आलं लक्षात,” वेल म्हणाली. “मग त्यांनी येऊन एकदा तसं सांगावं.”

साळूबाईचे काटे उभे राहिले. आवडाई भांडण मिटवायचं म्हणून मध्ये पडली, आणि सहज, विषय बदलण्यापुरतं, तिनं विचारलं की आमच्या यांच्या टांगणाचं सगळं ठीक आहे ना.

वेलीनं आठवून सांगितलं की तानबांच्या डबक्यात यंदा मूळ घातलं तर पाण्याचा थेंब नाही. गेल्या वर्षी ओल होती, तेवढ्यावर कसंबसं भागवलं. यंदा गाठ मारलेली नाही. “आम्ही पिवळी पानं टाकली होती तुमच्या दारात,” ती म्हणाली. “एक नाही, बरीच टाकली. कुणी बघितली नाहीत का?”

आवडाईला जुनं डबकं आठवलं. तिथं आता कुणाचंच दार नव्हतं. तिनं मान वर केली. फांद्यांच्या गर्दीत, पार बाहेरच्या टोकाला, तानबाचं टांगण एका तंतूवर हेलकावे खात होतं, आणि त्याच्याखालची नवी साल अर्धीअधिक मातकट झालेली होती.

त्याच फांदीवर, टांगणाच्या अगदी शेजारी, एक कोतवाल बसला होता. काळाभोर, शेपटी दुभंगलेली, आणि सगळ्या पाखरांचे आवाज हुबेहूब काढण्यात पटाईत. तो तिथं का बसलाय, हे माळावर सगळ्यांना कळत होतं. थवा जिथं उतरतो तिथल्या गवतातून किडे उडतात, आणि उडते किडे म्हणजे कोतवालाला मेजवानी. ज्या जागेकडं थवे वर्षानुवर्षं बघत आले, ती जागा मोकळी झाली की तिथं आपलं टांगण लावायचं, आणि काडी करायची पडीक गवताकडं, जिथं किडे भरपूर आणि पाणी औषधालाही नाही. एवढा त्याचा हिशेब होता. त्यात त्याला वाईट काही दिसत नव्हतं. तो आवडाईला अदबीनं म्हणाला की बाई, मी घाई करत नाही, साल पुरती रंगू दे.

केसरची पिल्लं पहिल्यांदाच एवढं उडत येतील. माळावर पोचतील तेव्हा त्यांच्या पंखांत एका उतरण्यापुरतंच बळ असेल. ती एकदा चुकीच्या जागी उतरली की परत उठायची नाहीत. आवडाईनं हे मोठ्यानं म्हटलं नाही, पण साळूबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि स्वतःचं भांडण बाजूला ठेवलं. तिनं वेलीला खडसावून विचारलं की आता काय करायचं ते नीट सांग, गोड नको.

वेलीनं नीट सांगितलं. कुणी विचारलं असतं तर तिनं ते आधीही सांगितलं असतं. जिथं गाठ असते तिथं तिच्या तणाव्याला एक पेर असतं. ते पेर पिळलं की मूळ सैल होतं. मग नव्या डबक्याकडं वळवा, नाहीतर सोडून द्या. कुणी पिळलं हे पेराला कळत नाही. फक्त तिथवर जाऊन पिळावं लागतं. एरवी नजरेला खुपू नये म्हणून ते पानांखाली ठेवलेलं असतं.

“म्हणजे वर चढून,” साळूबाई म्हणाली.

“वर चढून,” वेल म्हणाली.

साळिंदर चढत नाही आणि टिटवी बसत नाही. ती सुगरण केव्हाच दुसऱ्या मुलखात निघून गेली होती. कोतवालानं मदत करू का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. आवडाई उडाली. टांगणापाशी पोचली, फांदीवर पाय टेकले आणि घसरली. पुन्हा उडाली, पुन्हा घसरली. खाली साळूबाई काळजीनं अंग फुलवून उभी होती, तिच्यावर पडण्यापेक्षा दगडावर पडलेलं बरं, म्हणून प्रत्येक वेळी आवडाईला पडता पडता बाजूला वळावं लागे. तिची छाती भरून आली, पंख सोलवटले. कोतवालसुद्धा थोडा वेळ दुसरीकडं बघत राहिला.

टिटवीची नजर जमीन शोधते. थकून झाडाभोवती घिरटी घालताना आवडाईच्या नजरेला, जिथून ती बाहेरची फांदी फुटली होती त्या बेचक्यात, माती दिसली. वाऱ्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेली, कुजलेल्या सालीची, चांगली ओंजळभर माती होती ती. तिच्यात गवताची चार पाती उगवली होती आणि एक मुंग्यांची रांग चालली होती. खालून पाहणाऱ्याला ती कधी दिसली नसती. आवडाई तिथं उतरली आणि उभी राहिली. पाय पसरून, अगदी माळावर उभी राहते तशी. मग तिनं चोच लांबवून तंतू धरला आणि टांगण आपल्याकडं ओढून घेतलं.

तानबाचं टांगण ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती. वीण कुठं सुटलेली नव्हती. टाका न् टाका सारखा होता. गवताच्या त्या पिवळ्या गोळ्याला चोच लावून ती जरा वेळ नुसती उभी राहिली, आणि तिला रडू आलं. काड्याही जशाच्या तशा होत्या. एक उतरणीकडं, ती त्यांच्या पहिल्या घराजवळच्या डबक्याची. एक दोन टेकाडांच्या मध्ये. एक लांब, दक्षिणेकडं, टोकाला ठसठशीत गाठ असलेली.

पहिलं डबकं आटून किती काळ लोटला. दोन टेकाडांच्या मधलं तर त्याच्याही आधी गेलं होतं. दक्षिणेच्या खळग्यात आता काटेरी झुडपं होती. आवडाईनं एकेक काडी पाहिली. सगळ्या काड्या, एकूण एक, अशा पाण्याकडं बोट दाखवत होत्या जे नव्हतं. वेलीनं दर वर्षी इमानानं गाठ मारली होती, आणि दर वर्षी थवे ते बघून खाली उतरले होते. आपल्या हळहळीत तिच्या एक गोष्ट लक्षात आली. यंदा डबक्यात थोडी ओल राहिली असती, तर हेच टांगण आणखी एक वर्ष पक्कं बांधलं गेलं असतं, आणि केसर आपल्या पिल्लांना घेऊन बापाच्या शब्दावर सरळ त्या काट्यांत उतरली असती.

काड्या बदलायला हव्या होत्या, आणि काडी काढायची म्हणजे वीण मोडायची. कोतवाल जवळ सरकला. त्याच्या आवाजात या वेळी नक्कल नव्हती. “एवढं सुंदर काम आहे,” तो म्हणाला. “हात लावून का बिघडवता? राहू दे की आठवण म्हणून.”

“आठवणीनं तहान भागत नाही रे, बाबा,” आवडाई म्हणाली, आणि दक्षिणेची काडी चोचीत धरून तिनं ओढली.

काडी निघाली तशी वीण त्या बाजूनं उसवली. आवडाईनं डोळे मिटले नाहीत. दुसरी काढली, तिसरी काढली. मग खाली झेप घेऊन ती आपल्या सध्याच्या डबक्यावर गेली, काठचा हिरवा लव्हाळा चिखलासकट उपटून घेऊन आली, बेचक्यातल्या मातीवर उभी राहिली आणि विणायला लागली. तिला विणता येत नव्हतं. ज्या वेळी शिकता आलं असतं, त्या वेळी ती हसत होती. हिरवं पातं एका भोकातून घातलं तर भलत्याच भोकातून बाहेर यायचं. तिनं ते कसंतरी अडकवलं, वाकडं झालं ते ओढून सरळ केलं, परत वाकडं झालं तेव्हा तसंच ठेवलं. दिशा बरोबर होती. टोकाची गाठ एवढी मोठी झाली की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं तिथं समुद्रच आहे.

मग तिनं पानांखालचं पेर शोधलं, पिळलं आणि वेलीला आपलं नवं डबकं सांगितलं. खाली कुठंतरी कोरड्या चिखलात अडकून पडलेलं मूळ सैल झालं, सरपटत नव्या डबक्याकडं निघालं, आणि थोड्या वेळानं वेलीच्या तणाव्यानं नव्या सालीवर गाठ आवळली. कोतवालानं अंग झाडलं. आता इथं थांबण्यात अर्थ नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि गुरांच्या मागं किडे टिपायला निघून गेला.

साळूबाईच्या नवऱ्याचं टांगण त्याच फांदीवर थोडं आत होतं. आवडाईनं वरूनच विचारलं की याचंही पेर पिळू का. साळूबाईनं हो म्हणण्याआधी विचारलं की त्यात लिहिलंय तरी काय, म्हणजे कुठं दाखवलंय त्यानं.

आवडाईनं वाकून पाहिलं. गोड कंदांच्या वाटा होत्या, पोकळ बढाईच्या तीन-चार लांबलचक काड्याही होत्या, आणि एक आखूड काडी होती, गाठ मारलेली. ती साळूबाईच्या बिळाकडं होती.

“तुझ्या घराकडं एक काडी आहे,” आवडाई म्हणाली. “तिच्यावर गाठ आहे.”

साळूबाईनं थोडा वेळ जमीन हुंगली. “सोड,” ती म्हणाली. “पण हळू सोड. अंगावर घेते मी.” आवडाईनं पेर पिळलं. टांगण अलगद खाली आलं, साळूबाईच्या काट्यांवर टेकलं आणि तिथंच अडकून बसलं. ती त्याला न झटकता घरी घेऊन गेली. तिच्या डबक्यात त्या वर्षी पाणी पुरलं.

झाल्या गोष्टीची चर्चा माळावर झाली. काही जणांनी ती हसण्यावारी नेली. पण एका सकाळी एक ससाणा आपल्या टांगणापाशी घुटमळताना दिसला, आणि मुंगसांनी बुंध्याच्या खालच्या फांदीवर बरीच खटपट करून एक जुनी काडी काढून टाकली. झाडाखाली वाळलेलं गवत पडू लागलं. वेलीला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट पेर कुठं आहे ते ती आता विचारायच्या आधीच सांगू लागली.

आवडाई रोज जाऊ लागली. पाणी काठापासून दिवसेंदिवस सरकत होतं. काल जिथून उतरणं बरं होतं, तिथं आज पाय रुतत. ती लव्हाळ्याचं ताजं पातं आणी, बेचक्यातल्या मातीवर उभी राही, कालचं काढी आणि आजचं बसवी. तिचा हात काही सुधारला नाही.

थंड वाऱ्याबरोबर थवा आला. माळाच्या कडेला पोचता पोचता पिल्लांचे पंख जड झाले होते, आणि केसर त्यांच्यामागून उडत त्यांना बोलत ठेवत होती. तिच्या मनात मात्र दुसरंच होतं. आई आहे की नाही, हे सांगणारं तिला इतक्या वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती विचारी, आणि सगळे एकच सांगत: तुझ्या बाबांचं टांगण जसंच्या तसं आहे, काही फरक नाही. ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. दर वर्षी तेच ऐकून तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

झाड दिसलं. थव्याच्या म्होरक्यानं एक घिरटी घातली, खूण ओळखली, आणि सगळा थवा पाण्याच्या दिशेनं कलला. पिल्लंही वळली. पुढं, खडकाच्या पोटाशी, पाणी चमकत होतं. केसर एकटी मागं राहिली. बाबांच्या सुबक पिवळ्या विणीतून एक हिरवं पातं वेडंवाकडं बाहेर आलेलं होतं, ज्याला विणता येत नाही अशा कुणीतरी चोचीनं खुपसलेलं, आणि त्याच्या गाठीवरचा चिखल अजून ओला होता.